पहिल्याच फेरीत बाहेर

मुलगी ज्युनिअर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. आम्ही तेव्हा परदेशात, बिशान नावाच्या वस्तीत राहत होतो. नवरा तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर, मी एका बँकेच्या अकाउंट्स विभागात. आमच्या घरात बास्केटबॉल कुठून शिरला कोण जाणे. मी शाळेत खो-खो खेळलेली, नवऱ्याचा खेळाशी संबंध क्रिकेटच्या स्कोअरपुरता. पण मुलगी लहानपणापासून त्या नारिंगी बॉलच्या मागे, आणि त्या वर्षी ती कॉलेजच्या टीममध्ये पहिल्या पाचांत आली. पाठीवर सात नंबर.

सीझनच्या आधी कॉलेजच्या हॉलमध्ये सरावाचे सामने व्हायचे. पहिल्या सामन्याला तिने मला दारातच बजावलं, "आई, तू बेंचच्या मागे बसू नको हं. तिथे सगळ्यांचे पेरेंट्स असतात."

"मग मीही पेरेंटच आहे ना?"

"तू ओरडतेस. स्पोर्ट्स डेला मराठीत ओरडलीस. सगळे बघत होते, लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची तिकडची सवय तिलाही लागली होती.

म्हणून मी कोर्टाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. तिकडे फारसं कोणी नव्हतं. एक वयस्कर चिनी जोडपं तेवढं मधल्या पायरीवर ऐसपैस बसलेलं. काका कुठल्याशा शिपिंग ऑफिसातून निवृत्त झालेले, मावशींच्या मांडीवर बार्लीच्या पाण्याचा थर्मास. त्यांचं स्वतःचं कोणीही या कॉलेजात नव्हतं. घर कॉलेजसमोरच्या ब्लॉकमध्ये, आणि काकांना तरुणपणापासून बास्केटबॉलचं वेड, एवढंच नातं. दर वर्षी नवी टीम आली की ते सरावाचे सामने बघायचे आणि सीझन कसा जाणार ते सांगून मोकळे व्हायचे. मावशी नेमकं त्याच्या उलटं सांगायच्या. हे सगळं मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं, कारण काकांना बोलायला नवीन माणूस मिळालं होतं.

"या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर," ते म्हणाले.

"दुसऱ्या फेरीपर्यंत जातील," मावशी म्हणाल्या.

मी विचारलं, "पहिल्या फेरीत का बाहेर?"

त्यांनी हनुवटीने कोर्टाकडे खूण केली. "ती सात नंबर बघा. उंच आहे, हात चांगला आहे. पण बॉल हातात आल्यावर विचार करते. बॉल येण्याआधी विचार करायचा असतो. तिच्याकडे बॉल गेला की सगळी टीम थांबते."

माझी कानशिलं तापली. 'ती माझी मुलगी आहे' हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात खरंच बॉल तिच्याकडे आला, ती तो छातीशी धरून उभी राहिली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि समोरच्या पोरीने तो अलगद काढून घेतला. घरीसुद्धा तिला चहा हवा की दूध असं विचारलं तर उत्तराला वेळ लागायचा. हा माणूस माझ्या मुलीला दहा मिनिटं बघून ओळखत होता, आणि मला त्याचा राग येत होता.

घरी आल्यावर मुलीने बूट काढता काढता विचारलं, "कशी खेळले?"

"छान," मी म्हणाले. मग म्हणाले, "माझ्या शेजारी एक काका बसले होते. ते म्हणत होते, तू बॉल आल्यावर विचार करतेस. आधी करायला हवा."

तिने बूट रॅकवर जरा जोरात आपटले. "सगळेच एक्स्पर्ट," एवढं म्हणून खोलीत गेली. दोन दिवस आमचं बोलणं जेवायला ये, आले, इतकंच. नवरा म्हणाला, "तुला सांगायची काय गरज होती? मॅच बघायची, टाळ्या वाजवायच्या, घरी यायचं." मला त्याचं म्हणणं पटलंही होतं.

शनिवारी मात्र तीच संध्याकाळी बॉल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आई, खाली येतेस? पास द्यायला कोणीतरी पाहिजे."

आमच्या ब्लॉकच्या मागे एक छोटं कोर्ट होतं. मी सलवार-कमीज आणि चपलांवर उतरले. तिची युक्ती अशी, की मी बॉल फेकायच्या आधी ओरडायचं, 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे', आणि ती बॉल हातात येताक्षणी त्या बाजूला वळणार. सुरुवातीला माझे पास तिच्या गुडघ्यांवर जात होते. मग हात बसला. शेजारच्या ब्लॉकमधली पोरं सायकली थांबवून हसत होती. मी 'डावीकडे, डावीकडे, उजवीकडे' असं ओरडत होते, आणि या वेळी ती मला ओरडू नको म्हणत नव्हती. त्यानंतर आम्ही जमेल तेव्हा उतरत राहिलो. मध्येच दम लागला की कठड्यावर बसायचो. एकदा मी तिला खो-खोचं सांगितलं. पाठ फिरवून बसलेल्या खेळाडूला आपल्या पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, पण खो मिळायच्या आधीच त्याचा पाय तयार असतो. तिने नीट ऐकून घेतलं. "कूल," म्हणाली.

सीझनचा पहिला सामना आम्ही सपशेल हरलो. एका गटात चार कॉलेजं, वरची दोन पुढे जाणार. मी आपोआपच काका-मावशींजवळ जाऊन बसले होते.

"मी म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले.

"अजून दोन आहेत," मावशी म्हणाल्या आणि मला झाकणातून बार्लीचं पाणी दिलं.

दुसरा सामना जिंकलो, तोही कसाबसा. त्या सामन्यात सात नंबरने बॉल हातात येताच दोनदा सुरेख पास दिले. काका चष्मा पुसत म्हणाले, "बदलली आहे. कोणीतरी मेहनत घेतंय तिच्यावर." मी समोर बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "घरी तुम्ही घेता का?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मावशी पदराआड हसावं तशा हाताआड हसत होत्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून," मावशी म्हणाल्या. "सात नंबरकडे बॉल गेला की तुम्ही श्वास घ्यायचं थांबता."

"आणि तरी तुम्ही तिला नावं ठेवत राहिलात?"

काकांनी खांदे उडवले. "त्या बाजूला सगळे आईबाप 'वेल डन, वेल डन' म्हणतात. मला वाटलं, तुम्ही इकडे येऊन बसलात म्हणजे तुम्हाला खरं ऐकायचं असेल."

मी तिथे का बसले होते ते त्यांना सांगितलं. दोघंही इतकी हसली, की रेफरीने आमच्याकडे वळून पाहिलं.

तिसऱ्या सामन्यावर सगळं ठरणार होतं. समोरच्या कॉलेजात एक धिप्पाड मुलगी होती. ती बॉल घेऊन बास्केटकडे निघाली की आमच्या पोरी वाटेतून बाजूला व्हायच्या. त्या दिवशी नवराही अर्धी रजा टाकून आला होता आणि माझ्या शेजारी बसून घटकेघटकेला घड्याळ बघत होता. शेवटची काही मिनिटं उरली होती, आमच्याकडे एका गुणाची आघाडी. धिप्पाड मुलीला बॉल मिळाला. ती वळायच्या आतच आमची लेक तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. हात छातीशी, पाय रोवलेले. दोघींची धडक झाली आणि आमची पाठीवर सरकत गेली. मी उठून उभी राहिले. शिट्टी वाजली. आधीच पाय रोवून उभ्या असलेलीला धडकली म्हणून फाउल त्या मुलीचा, बॉल आमचा.

काका उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. नवऱ्याला म्हणाले, "बघितलंत? बॉलच्या आधी पोचली."

नवऱ्याला नियम कळला नव्हता. "पडली तर आपल्याला काय फायदा?" असं तो मला मराठीत विचारत होता. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.

आम्ही जिंकलो आणि दुसऱ्या फेरीत गेलो. तिथे पहिल्याच सामन्यात हरलो, आणि ती हार रास्तच होती. समोरचा संघ सगळ्याच बाबतीत वरचढ होता. म्हणजे भाकीत मावशींचं खरं ठरलं. काकांनी ते तोंड वाकडं करून मान्य केलं. "त्या दर वर्षी दुसरी फेरीच सांगतात," ते म्हणाले, "कधीतरी बरोबर येणारच."

सामना संपल्यावर मुलगी, डोळे सुजलेले, बॅग खांद्याला लावून कोर्ट ओलांडून आमच्या बाजूला आली. मी ओळख करून दिली. तिने काकांकडे निरखून पाहिलं. "तुम्हीच ते," ती इंग्रजीत म्हणाली, "बॉल आल्यावर विचार करते म्हणणारे?"

मला वाटलं, आता काय होतंय. पण काका गंभीरपणे म्हणाले, "तेव्हा करत होतीस. आता नाही."

ती हसली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. मावशींनी तिला थर्मासमधलं उरलेलं सगळं पाणी प्यायला लावलं.

तो सामना जुरोंगच्या बाजूला होता. परत येताना आम्ही वुडलँड्सवरून वळसा घालून येणाऱ्या एमआरटीतच, म्हणजे मेट्रोतच, बसून राहिलो. उतरून गाडी बदलायचा दोघींनाही कंटाळा आला होता, आणि बसायला जागा मिळाली होती. वुडलँड्स गेल्यावर ती म्हणाली, "आता परीक्षा. बास्केटबॉल संपला."

"हो."

"तुला मिस होईल का?"

मी थोडा विचार केला. "मला काका-मावशींबरोबर भांडायला मिळणार नाही."

"जा ना मग," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पण टीम असेलच."

पुढच्या वर्षी ती युनिव्हर्सिटीत गेली आणि वेगळ्याच मैत्रिणींत रमली. मी मात्र सरावाच्या पहिल्या सामन्याला ऑफिसातून लवकर निघून गेले. नव्या मुली होत्या, एकीचंही नाव मला माहीत नव्हतं. मधल्या पायरीवर जागा ठेवलेली होती. मध्यंतर झालं. मग काकांनी विचारलं, "काय वाटतं?"

"बुटक्या आहेत, पण पळतात," मी म्हणाले. "उपांत्य फेरी."

"पहिल्याच फेरीत बाहेर," काका म्हणाले.

मावशी थर्मासचं झाकण उघडत होत्या.