बाळकृष्णाची रिकामी जागा
लोणी कढायला लागलं की त्या वासासरशी मला डोंबिवलीचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. तेव्हा भाताची शेतं थेट मागच्या दारापर्यंत यायची. आमच्या देव्हाऱ्यात आईने लग्नात माहेरहून आणलेला पितळी रांगता बाळकृष्ण होता, घासूनघासून नाकडोळे पुसट झालेला. ताक केलं की पहिलं बोटभर लोणी त्याच्या हातावर. थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि रीतीप्रमाणे सासरी न्यायला आईने तिला नव्या अन्नपूर्णेबरोबर तोच बाळकृष्ण दिला. मी रडकुंडीला आले. “तिला नवा आण ना! हा आपला आहे.” आई हसून म्हणाली, “अगं, देवकीच्या पोटी जन्मला नि यशोदेकडे वाढला तो. घर बदलायची सवय आहे त्याला.” बहीण कल्याणला गेली, म्हणजे दोनच स्टेशनं पुढे; आई रडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ताक झालं आणि बोटावर लोणी घेऊन ती देव्हाऱ्यापुढे तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “सवय त्याला आहे गं, आपल्याला कुठे?” बाळकृष्ण पुढे बहिणीच्या लेकीबरोबर गेला, मग तिच्या लेकीबरोबर, मी मात्र अजून लोणी काढलं की बोट तसंच धरून क्षणभर थांबते.