राखेने घासलेली काच
आंजी गावच्या कुंताबाईंची मुलगी आकांक्षा नागपुरात काचेवर संशोधन करायची. काचेवर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिला की उजेड आत येतो, पण उन्हाची धग बाहेरच राहते. तशी एक काच तिने गावातल्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडकीला बसवली, आणि भर मे महिन्यात ती खोली निवली.

ते बघायला तिचे सर येणार होते. कुंताबाईंना काच जराशी मळकट वाटली, म्हणून त्यांनी ती राखेने लख्ख घासून ठेवली.

सरांनी काचेपाशी हात धरला, तर धग लागली. थर पार निघून गेला होता.

"आई, एवढी कशी अडाणी तू!" आकांक्षा सरांसमोरच ओरडली.

"पाव्हण्यायले साफ दिसावी म्हणून घासली वो," कुंताबाई पुटपुटल्या.

सरांनी हळूच विचारलं, "घासू नका, असं त्यांना सांगितलं होतंस?"

तिने सांगितलं नव्हतं. आईला काय कळणार, असंच तिला वाटलं होतं. तिची मान वर होईना.

दुसरी काच बसवताना तिने आईला शेजारी बसवून सगळं समजावलं. "आता तूच पुसत जा, मऊ कपड्यानं."

"नको बाई, मी अडाणी," कुंताबाई म्हणाल्या. "माह्या हातानं खराब होईन."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आकांक्षा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.