तीन नंबरच्या ट्रॅकवरचा मिलिंद

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून चहाला जाणारा माणूस. आजही जातो! पण हे माझ्या कानांनी ऐकलंय, त्यामुळे कोणाला पटवत बसणार नाही.

शहाण्णवचा मे महिना. बारामतीत आमचा चौघांचा रॉक बँड होता. लग्नात हिंदी गाणी वाजवायची आणि शेवटी आपली दोन घुसवायची! मी लीड गिटार, मिलिंद ड्रम्सवर. शाळेपासूनचा जिगरी. मला मात्र एकट्याची कॅसेट काढायची खुमखुमी आली — फक्त गिटार, बँड नको. मिलिंदला सांगितलं तर म्हणाला, "व्हय, आता आमी जड झालो तुला!" त्यानंतर त्यानं बोलणंच टाकलं. मीही हट्टाला पेटलो.

त्या रविवारी निमगाव केतकीला बँडला लग्नात वाजवायची सुपारी होती. मी गेलो नाही. वालचंदनगरला मामांच्या क्वार्टरमध्ये, भर दुपारी, उसन्या फोर-ट्रॅक रेकॉर्डरवर — एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे घेणारं यंत्र — पाच नवी गाणी घेतली. दोन ट्रॅकवर गिटार. उरलेल्या दोन ट्रॅकना वायरसुद्धा लावली नव्हती.

लगेच ऐकायला बसलो... आणि तीन नंबरच्या ट्रॅकवर ड्रम्स! आधी आवाज — "एक, दोन, तीन, हां!" मिलिंद 'चार' कधीच म्हणायचा नाही, 'हां' म्हणायचा. मामा म्हणाले, "जुनी टेप असंल." अहो, कॅसेटचं प्लास्टिक मीच फाडलं होतं! आणि ठेका माझ्या गाण्यांना अगदी धरून चाललेला. ही गाणी मी कोणाला ऐकवलीही नव्हती.

बँडमधल्या दोघांना विचारलं. त्या दुपारी मिलिंद निमगावातच, सगळ्या वऱ्हाडासमोर वाजवत होता.

पुसून टाकणं सोपं होतं. पण खरं सांगू? त्या ठेक्यानं गाणी उभी राहिली होती... आणि माझा मित्र मला परत हवा होता. कव्हरवर छापलं — ड्रम्स : मिलिंद. ते घेऊन त्याच्या घरी गेलो. कॅसेट अजून त्यानं ऐकलेली नव्हती. कव्हर बराच वेळ वाचलं, मग म्हणाला, "तिसऱ्या गाण्यात शेवटाला माझा हात घाई करतोय. तसंच ठिवलंस व्हय रं?"

घरी येऊन लावून बघितलं. घाई होती.

मिलिंदला आजही विचारलं की एवढंच म्हणतो, "त्या दिवशी लग्नात लई दमलो हुतो बघ... नेहमीच्या दुप्पट."