वऱ्हाडाच्या गाद्यांवरची उलटी कोलांटी

माझे डोळे सरकारमान्य आहेत. मी दौंडहून मालगाडी चालवतो. ठरावीक वर्षांनी रेल्वेचे डॉक्टर मला खुर्चीत बसवून बारीक अक्षरं वाचायला लावतात, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायला लावतात आणि पास करतात. सिग्नल दिसला की तो नुसता बघायचा नाही, मोठ्यानं पुकारायचा, असा आमचा नियम. शेजारचा सहायक पुकारतो, मीही पुकारतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं या डोळ्यांची पुरती शोभा होणार आहे.

माझी लेक तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला जिम्नॅस्टिक्सचं वेड लागलं. आमच्या भागात क्लास एकच, तोही मंगल कार्यालयात. शिकवणाऱ्या बाई लहानपणी मल्लखांब खेळलेल्या, आणि कार्यालयाचे मालक त्यांचे मामा. मामांची अट एकच, लग्नाची तिथी असली की क्लास बंद. वऱ्हाडाला झोपायला ठेवलेल्या गाद्या हीच मुलींची मॅट. त्या गाद्यांना अत्तराचा आणि मसालेभाताचा मिळून एक वास येतो, आणि तो लेकीच्या केसांतून घरी येतो. आमच्याकडं लग्नपत्रिका आली की बाकीचे आहेराचं बोलतात, लेक कपाळाला हात लावते.

मला वाटायचं, हा खेळ म्हणजे उड्या मारणं. तसं नसतं. अर्धा अर्धा तास भिंतीला टेकून पाय फाकवून बसायचं, डोळ्यांत पाणी आलं तरी उठायचं नाही. तळहाताची साल निघते. खाली डोकं वर पाय करून पोरगी इतिहासाची प्रश्नोत्तरं पाठ करते. हे बघून एकदा मलाही चेव आला. ‘आमच्या वेळी शाळेत’ अशी सुरुवात करून मी साधी पुढची कोलांटी मारली. नंतर तीन दिवस मान फक्त उजवीकडं वळत होती, आणि आमचे सिग्नल बहुतेक डावीकडं. सिक लीव्ह टाकली. कारण विचारल्यावर ‘घरात पडलो’ म्हणालो, आणि ते तर खरंच होतं.

या उन्हाळ्यात बाईंनी तिला उलटी कोलांटी शिकवायला घेतली. जागेवरून मागं उडायचं, गुडघे पोटाशी घेऊन हवेतच फिरायचं आणि पायांवर उतरायचं. शिरूरला निवड चाचणी होती आणि ही उडी जमली तरच तिला संधी होती. नेमकी तेव्हाच लग्नसराई. हॉल दोन महिने वऱ्हाडाच्या ताब्यात. बाईंनी चार जुन्या गाद्या घरी दिल्या आणि बजावलं, “शेजारी मोठं माणूस उभं पाहिजे. एक हात पाठीखाली, एक मांडीखाली.”

बायकोनं तेवढ्यात आपली अट सांगितली. “येकदा जरी डोक्यावर पडली तर क्लास बंद. मला धडधाकट लेक पायजे, मेडल न्हाई.”

शेजारी कोण उभं राहणार, यावर लेक पटकन म्हणाली, “पप्पाच पायजेत.”

मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. ड्यूटीवर दोघांना तरी सांगितलं असेल, की पोरीचा बापावर भरवसा आहे.

क्वार्टरच्या मागं मोकळ्या जागेत गाद्या टाकल्या. लेक गाद्यांकडं पाठ करून उभी राहिली, हात वर केले, गुडघे वाकवले, आणि माझे डोळे मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. हात मात्र जोगवा मागावा तसे पुढं पसरलेले. धप्प आवाज आला. उघडून बघतो तर ती उभी.

“पप्पा, पाय जुळलेले होते का?”

“एकदम. झकास!”

असं महिनाभर चाललं. मालानं भरलेल्या पन्नासच्या वर वाघिणी मागं घेऊन जाणारा माणूस मी, पण ती गुडघे वाकवायची आणि इकडं माझी पाचावर धारण बसायची. दर वेळी ठरवायचो, आज बघायचंच. दर वेळी अंधार. पुढं पुढं मी आवाजावरून अंदाज बांधायला शिकलो. धप्प बरा आला की ‘झकास’, बारीक आला की ‘फारच झकास’.

एका रविवारी आवाज वेगळा आला. डोळे उघडले तर लेक गादीवर बसलेली, केस तोंडावर आलेले.

“झाली ना?” मी विचारलं.

“झाली.”

“झकास,” मी म्हणालो, आणि घरात जाऊन बायकोलाही तेच सांगितलं.

पंधरा दिवसांनी सकाळच्या एसटीनं मी आणि लेक शिरूरला गेलो. बाई आधीच पोचल्या होत्या. शाळेच्या हॉलमध्ये खऱ्या निळ्या मॅट होत्या, आणि त्यांना मसालेभाताचा वास नव्हता. लेकीनं जॅकेट काढलं तेव्हा मागून तिचा खांदा दिसला. तळहाताएवढा पिवळट-हिरवा डाग.

“हे काय?”

“पडले होते. त्या रविवारी.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही झकास म्हणालात की.” ती हाताला पांढरी पावडर चोळत होती. “पप्पा, तुम्ही डोळे मिटता. मला पहिल्या दिवसापासनं माहितीय.”

“मग मला कशाला उभं केलंस?”

“आईनं डोळे मिटले नसते. मी पडलेलं तिला दिसलं असतं. क्लास बंद झाला असता.”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी सरळ सांगत होती, जिन्याला कठडा नाही हे सांगावं तसं. मला फार लाज वाटली. भरवसा वगैरे काही नव्हता. पोरीला न बघणारा माणूस हवा होता आणि तो तिला घरातच सापडला होता.

तिचा नंबर पुकारला. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि डोळे ताणून उघडे धरले. तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की उडी मारायच्या आधी तिची बोटं थरथरतात. ती घाबरते, हे मला माहीतच नव्हतं. मग ती उडाली. माझ्या छातीच्याही वर गेली, डावा गुडघा उघडला, फिरली, खाली आली, एक पाऊल मागं सरकली आणि उभी राहिली. एवढंसंच होतं ते. तेवढ्यासाठी मी दीड महिना आंधळा झालो होतो.

चार मुली निवडल्या, ही पाचवी आली. परतीच्या एसटीत तिनं सवयीनं विचारलं, “पाय जुळलेले होते का?”

“न्हाई. डावा गुडघा उघडला. आन् उतरताना एक पाऊल मागं गेलं.”

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. “बघितलं तुम्ही?”

“व्हय.”

“बाईपण हेच म्हणाल्या,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याला टेकून दौंड येईपर्यंत झोपली.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं लेकीचा खांदा दाबून बघितला. मग मला विचारलं, “आन् तुम्ही कुठं हुता?”

“तिथंच होतो.”

आयुष्यात इतकं वाईट उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “रविवारी मी सोता उभी ऱ्हाणार. माज्या डोळ्यांनी बघन, मग ठरवीन क्लास ठेवायचा का न्हाई.” लेकीचं तोंड उतरलं. बोलायचा हक्क मी घालवलाच होता.

रविवारी गाद्या टाकल्या. बायकोनं पदर खोचला आणि डाव्या बाजूला हात पसरून उभी राहिली. उजवीकडं मी. लेकीनं हात वर केले. बोटं थरथरत होती. तिनं गुडघे वाकवले आणि उडाली. मी शेवटपर्यंत बघितलं. दोन्ही पायांवर उतरली.

“आई,” ती धापा टाकत म्हणाली, “पाय जुळलेले होते का?”

मी बायकोकडं बघितलं. हात पुढं तसेच पसरलेले, ओठ देवाचं नाव पुटपुटत होते, आणि डोळे घट्ट मिटलेले.

“झकास,” बायको म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मला हसू आलं नाही. इंजिनात पुकारतो तसं मी मोठ्यानं पुकारलं, “डावा गुडघा अजून उघडतोय.”

तिनं मान हलवली आणि पुन्हा पाठ करून उभी राहिली.