पुढे ढकललेलं घर

घर किती गळतं हे मोजायला आम्ही पुढच्या दारात पंखा लावतो. दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवायचं, कापडाच्या भोकात पंखा, आणि त्या पंख्याने घरातली हवा बाहेर ओढायची. मग बाहेरची थंडी जिथून जिथून आत घुसते तिथे हाताची मागची बाजू धरली की कळतं. खिडकीच्या कडेने, स्विचच्या खोक्यातून, भिंत जमिनीला टेकते तिथल्या फटीतून. डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या जुन्या वस्त्यांत मी हे काम करते. मेकॅनिकलमध्ये एमएस करून ही लोकांच्या माळ्यावर चढते, अशी नोव्हाय या जवळच्या उपनगरातले मराठी लोक माझी ओळख करून देतात आणि हसतात. मला त्याची लाज वाटत नाही. सरकारी पैशातून गरिबांची घरं उबदार करणाऱ्या एका लहान संस्थेत मी ऑडिटर आहे. मी घर तपासते, काय करायचं ते लिहून देते, मग कामगार येऊन फटी बुजवतात आणि ऊब धरून ठेवायला माळ्यावर कागदाचा भुगा फवारतात.

हो, कागदाचाच. जुनी वर्तमानपत्रं दळून, त्यात आग धरू नये म्हणून औषध मिसळून. मी इचलकरंजीत पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढले. आई-बाबा एका छोट्या चळवळीत होते. बुवाबाजीविरुद्ध पत्रक, पाण्यासाठी पत्रक, कामगारांच्या पाळीसाठी पत्रक. यंत्रमागाच्या कारखान्यांच्या फाटकांवर मी ती वाटली आहेत. लोक घ्यायचे आणि चार पावलांवर टाकायचे. मी उचलून, झटकून पुन्हा वाटायची. छापील कागदाने कुणाला खरोखर ऊब दिलेली मी पहिल्यांदा पाहिली ती मिशिगनमधल्या माळ्यांवर.

त्या जानेवारीत आम्ही ज्या घरी गेलो, तिथे एक निवृत्त बाई एकट्या राहत होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. आमच्या यादीत त्यांनी दोन हिवाळे वाट पाहिली होती. वरचा मजला बंद करून त्यांनी पलंग जेवणाच्या खोलीत आणला होता. दारांखाली टॉवेल गुंडाळून ठेवलेले, खिडक्यांवर पडद्यावर पडदे. त्यांनी मला घराच्या फटी एकेक करून दाखवल्या, आपल्याकडे बायका कुंड्या दाखवतात तशा. एका खिडकीपाशी थांबून म्हणाल्या, ही माझ्या नवऱ्याने बुजवली होती, म्हणून सगळ्यात जास्त वारा इथूनच येतो.

पंखा लावायच्या आधी फर्नेस, म्हणजे घर तापवणारी तळघरातली गॅसची भट्टी, तपासावी लागते. घर बंदिस्त केलं आणि आत विषारी वायू साठला, तर माणूस झोपेतच जातं. माझ्याबरोबर आमचा मुकादम होता, कमी बोलणारा, या कामात केस पिकवलेला. तळघरात त्याने धुराड्यात नळी घातली आणि यंत्रावरचा आकडा चढत गेला, थांबेचना. फर्नेसच्या आतल्या पत्र्याला तडा गेला होता. गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या खोलीत येत होता. अशा वेळी आमच्या हातात काही उरत नाही. गॅस बंद करायचा, लाल चिठ्ठी बांधायची, सही घ्यायची. नवी फर्नेस आम्ही बसवून देतो, पण ज्या घरात बाकीचं काम होणार असेल त्याच घरात. ते होणार का, हे बघायला मी माळ्यावर चढले.

माळ्यावरून आकाश दिसत होतं. पूर्वी कधीतरी फवारलेला कागद भिजून काळा लगदा झाला होता. वाशाला बोट लावलं तर बोट आत गेलं. छप्पर गळत असेल तर आम्ही काम करत नाही. ओल्या माळ्यावर घातलेलं सगळं कुजतं. छप्पर दुरुस्त करायला आमचा पैसा वापरता येत नाही. अशा घराच्या फाइलवर 'पुढे ढकललं' असं लिहायचं असतं. कधीपर्यंत, ते लिहायला रकाना नाही.

खाली येऊन मी बाईंना सगळं समजावलं. त्यांनी चष्मा लावून कागद पूर्ण वाचला.

"म्हणजे तुम्ही काही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"छप्पर झालं की आम्ही येऊ, मॅम."

"पण फर्नेस बंद करून जाणार."

"त्यातून विष येत होतं."

"तुम्ही आलात तेव्हा या घरात ऊब होती, बेबी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. माझ्याकडून काहीतरी बघायचं राहून गेलंय आणि त्या मला ते दाखवतायत, असा सूर होता.

आम्ही दोन इलेक्ट्रिक हीटर ठेवले आणि वायरिंग जुनं आहे, एका वेळी एकच लावा, असं सांगून निघालो. गाडीत माझा संताप बाहेर आला. ज्या घराला सगळ्यात जास्त गरज तेच सगळ्यात आधी यादीतून पडतं, हा कसला नियम, कुणाच्या सोयीचा, असं बरंच काही मी बोलले. मुकादमाने थर्मासमधून कॉफी ओतली आणि विचारलं, त्या एका घराच्या पैशात तीन सुकी घरं होतात, तू कुठल्या तिघांना जाऊन नाही सांगशील? हा प्रश्न मला पाठ होता. तो मीच लिहिला होता.

नोव्हायमध्ये दहा-बारा मराठी कुटुंबांचा एक गट आहे. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायचे आणि वर्षातून एकदा कुठेतरी द्यायचे. मी त्यात आले तेव्हा पैसे कसेही जात. कुणाच्या गावचं देऊळ, कुणाच्या शाळेचे बाक, ओळखीतल्या कुणाचं ऑपरेशन. मी भडकले आणि माझ्या घरात भडकल्यावर जे करतात ते केलं. चार पानांचं पत्रक लिहिलं, 'मदत कुणाला?' ओळखीच्याला दिली ती मदत नव्हे, मर्जी, असं त्यात होतं. तेवढ्याच पैशात सगळ्यात जास्त जीव जिथे वाचतात तिथे द्या, तो देश तुम्हाला नकाशावर सापडो न सापडो. डोळ्यासमोर धरलेला अंगठा डोंगर झाकतो; जवळचं दुःख तसंच मोठं दिसतं. पत्रक लोकांना पटलं. पत्रक पटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. गटाची बैठक एका निवृत्त डॉक्टर काकांच्या घरी होते, त्यांनी ते लॅमिनेट करून फ्रिजवर लावलं. त्यानंतर गटाचे पैसे आफ्रिकेत मलेरियापासून जीव वाचवणाऱ्या मच्छरदाण्यांना जाऊ लागले.

त्या रविवारी मी बैठकीला गेले ती छपरासाठी पैसे मागायलाच. काकांकडे जमीन आतून तापवलेली आहे, मोजे काढून बसावंसं वाटतं. आधी सगळ्यांनी मला फुकटात राबवून घेतलं. कुणाला घर तापवायला हीट पंप बसवायचा होता, काकांच्या काचेच्या खोलीत वारा येत होता. मी हाताची मागची बाजू धरून फट शोधून दिली. मग सगळे बसले आणि मी त्या घराचं सांगितलं.

ऐकून सगळ्यांना वाईट वाटलं, हे खोटं नव्हतं. मोटार कंपनीत काम करणारा एक नागपूरचा इंजिनियर आहे, गटात पत्रकाचा सगळ्यात पक्का माणूस तोच. तो म्हणाला, "यार, झोप उडेल असं आहे हे. पण तूच सांग ना, एका छपरात किती मच्छरदाण्या येतात?" तो मला डिवचत नव्हता. त्याला खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं. मी म्हटलं, फक्त एकदाच. तेव्हा काका उठले, फ्रिजवरून पत्रक काढून आणलं आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, "फक्त एकदाच, असं प्रत्येक अपवाद म्हणतो." दोघं-तिघं हसले. ते हसावेत म्हणूनच मी ते वाक्य तसं लिहिलं होतं.

मी भांडले. ती फर्नेस आम्ही बंद केली आहे, ही मर्जी नव्हे, जबाबदारी आहे, असं म्हटलं. इंजिनियर म्हणाला, जबाबदारी तुझ्या संस्थेची, गटाची कशी होईल? त्याचं चुकत नव्हतं.

काकू इतका वेळ ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या बैठकीत सहसा बसत नाहीत, बोलत तर नाहीतच. हात पुसत पुढे आल्या.

"अगं, मागच्या वर्षी मी हेच म्हणाले होते. आमच्या गावच्या त्या मुलीच्या हॉस्टेलसाठी."

मला आठवत होतं. काकूंनी त्या मुलीला शब्द दिला होता. मी तेव्हा म्हणाले होते, काकू, शब्द तुमचा आहे, पैसे सगळ्यांचे आहेत. त्यावर टाळी पडली होती.

"ती काय करते आता?" मी विचारलं.

"कॉलेज सोडलं तिने. घरीच आहे. लग्न ठरवतायत." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं म्हणून मी गप्प बसले. तेव्हाचं बरोबर आज चूक झालं का? झालं असेल तर तसं सांग, मी हात वर करते."

चूक झालं असं म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ एवढाच निघाला असता की मी त्या बाईंच्या माळ्यावर चढले होते आणि त्या मुलीचं घर पाहिलं नव्हतं. काकांनी विचारलं, अपवाद कुणाकुणाला हवाय? काकूंचा हात वर गेला नाही. माझाही नाही गेला.

माझ्या पगारात छप्पर बसणारं नव्हतं. इंटरनेटवर आवाहन टाकलं, त्यातून एका ताडपत्रीपुरते पैसे आले. मुकादमाने सुट्टीच्या दिवशी येऊन ती छपरावर ठोकून दिली. ऑफिसच्या लेखी ताडपत्री म्हणजे छप्पर नव्हे. फाइल होती तिथेच राहिली. पुढच्या शनिवारी मी एकटी गेले. बाईंच्या जेवणाच्या खोलीच्या खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं, केस वाळवायच्या यंत्राने ते ताणून घेतलं, फटींत सीलंट भरलं, अगदी त्यांच्या नवऱ्याच्या खिडकीलाही. इतकं नीट काम मी पगारावरही केलेलं नाही. त्यांनी काचेपाशी हात धरला आणि म्हणाल्या, वारा थांबला. खरंच थांबला होता. भिंतीवरच्या थर्मामीटरचा काटा मात्र तासाभराने तिथेच होता. फट बुजवली की आतली ऊब आत राहते. त्या खोलीत राहण्यासारखी ऊब नव्हती, एकच हीटर चालू होता आणि तो त्यांनी पायांजवळ ओढून घेतला होता.

फेब्रुवारीत त्या ओहायोला भाचीकडे गेल्या. फोनवर म्हणाल्या, सोफ्यावर झोपते, मुलं चांगली आहेत, पण पाहुणी म्हणून किती दिवस राहणार, बेबी? मार्चमध्ये मी त्या रस्त्याने गेले. रिकाम्या घरात थंडीने नळ फुटले असावेत. पुढच्या दाराखालून पाणी बाहेर येऊन पायऱ्यांवर गोठलं होतं.

काकांनी मध्यंतरी माझ्याकडे पत्रक इंग्रजीत मागितलं, कारण गटातली मुलं आता मोठी होतायत आणि मराठी वाचत नाहीत. मी सबंध रविवार ती चार पानं घेऊन बसले. खोटं वाक्य शोधत होते, म्हणजे ते काढता आलं असतं. सापडलं नाही. जसंच्या तसं इंग्रजीत करून पाठवलं.

बाईंची फाइल ऑफिसने 'घर रिकामं' म्हणून बंद केली. त्यांच्या जागी यादीतलं पुढचं घर आलं. छप्पर सुकं होतं, फर्नेस ठीक होती, काम दोन दिवसांत उरकलं. तिथल्या माणसाने भिंतीला हात लावून पाहिला आणि आमचे पुन्हा पुन्हा आभार मानले. मी कागद पुढे केला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.