सिरीयस हाय, निघ तू

आज दुपारी सेलूत आमचे काका वारले. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलीला, रेखाताईला, कळवायचं माझ्यावर आलं. घरात बायकांचं रडणं सुरू होतं. ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी रस्त्यापलीकडे जाऊन फोन लावला.

आपल्या वर्ध्याकडे असा फोन करताना कोणी 'गेले' म्हणत नाही, तुम्हाला माहीतच आहे. समोरच्याला एकट्यानं लांबून यायचं असतं, म्हणून 'सिरीयस हाय' एवढंच सांगायचं. माणूस खरंच सिरीयस असला तर वरून 'लवकर ये' म्हणतात. संपलं असलं तर 'सावकाश ये'.

"ताई, काका सिरीयस हाय. निघ तू," मी म्हणालो.

तिनं हळूच विचारलं, "भाऊ, लवकर येऊ का सावकाश?"

ती पण इथलीच पोरगी.

माझ्या तोंडून 'लवकर' निघून गेलं.

आता ती गाडीत बसली आहे आणि तिला धीर आला आहे. मघापासून सारखी फोन करून एकच म्हणते, "बाबाच्या कानाले फोन लाव, मले बोलू दे."

हे लिहितानाही तिचाच फोन वाजतोय. काय सांगू तिला?