एका माइकवरचा ड्रमसेट

नव्वदच्या आसपास आमच्या ऑर्केस्ट्राची कॅसेट काढायची टूम निघाली. टूम गायकाची. तोच ऑर्केस्ट्राचा मालक. घरच्या जमिनी गोदामांना देऊन बसलेला, त्यामुळे गळा असायलाच हवा अशी सक्ती त्याच्यावर नव्हती. मी शाळेत कारकून आणि त्याचा ड्रमवाला.

निजामपुऱ्यातल्या आमच्या तालमीच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना कापडाचे लूम, दिवसरात्र खडखडणारे. तिथे काहीही रेकॉर्ड केलं असतं तरी ते लूमचंच झालं असतं. म्हणून दिघाशीला, गायकाच्या मामाच्या भाताच्या कोठारात सामान नेलं. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, असं धामणकर नाक्यावरचा लाउडस्पीकरवाला म्हणाला. रेकॉर्डिंग तोच करणार होता. त्याच्याकडे माइक दोन. एक गायकाने घेऊन लगेच फुंकूनही पाहिला. उरलेल्या एकात माझा अख्खा ड्रमसेट.

माइक आधी मोठ्या ड्रमसमोर ठेवला. ऐकलं, तर कोणीतरी गादी धोपटत होतं. झांजेजवळ नेला, तर मांडणीवरची भांडी कोसळली. शेवटी लाउडस्पीकरवाल्याने मोठ्या ड्रममध्ये गोधडी कोंबली आणि माइक आढ्याला सुतळीने बांधून माझ्या डोक्यावर हातभर उंच सोडला.

"मास्टर, आता कमी-जास्त करणं माझ्याकडे नाही, तुमच्या हातात आहे," तो म्हणाला. "झांज हळू, ड्रम दाबून."

हळू वाजवायला मला सगळेच सांगत; का, ते पहिल्यांदाच कोणी सांगितलं. तसं वाजवून टेप ऐकली, तेव्हा हे माझंच वाजवणं यावर माझा विश्वास बसेना.

गायकाचाही बसला नाही. ड्रम एवढा चांगला येतो म्हणजे खुबी टांगण्यात आहे, असं त्याने ठरवलं आणि स्वतःचाही माइक टांगायला लावला. लाउडस्पीकरवाल्याने समजावून पाहिलं. मामा शांतपणे म्हणाले, "टांग त्याचा पन. न्हायतर जेवायचा न्हाय तो."

गायक वर तोंड करून आढ्याला आठ गाणी ऐकवून मोकळा झाला. कॅसेटमध्ये ड्रम समोर बसल्यासारखा आला आणि गायक शेजारच्या गावातून. पुतणीच्या हळदीत त्याने ती वाजवली. तो गाऊ लागला की लोक जेवायला वळत, थांबला की नाचत.

महिन्याभरात त्याने ताल वाजवणारं मशीन आणलं आणि मला कमी केलं. मशीनला माइक लागत नाही, म्हणाला. मशीनला हळू वाजव म्हणून सांगावंही लागणार नव्हतं.

लाउडस्पीकरवाला पुढे मंडपांत भोंगे तपासायला तीच कॅसेट लावायचा. सुरुवातीचा नुसत्या ड्रमचा तुकडा वाजवून, गाणं सुरू व्हायच्या आत बंद करायचा. मी मुद्दाम त्या बाजूने जात असे.